पेटीत बर्फ किती, किटलीत चहा किती

डबा आणि डोलकाठी : वाचकांची पत्रं, एका जुन्या भंडाऱ्याची उत्तरं

नारळी पौर्णिमा झाली की आमच्याकडे बोटी पाण्यात उतरतात आणि थंडी पडू लागली की पत्रपेटीत तुमची पत्रं. या वेळी आलेल्यांपैकी निम्मी पत्रं खाण्यापिण्याचीच आहेत, म्हणून सगळा अंक त्यांनाच देतो. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी हर्णैच्या मासेमारी बोटींवर भंडारी होतो, म्हणजे खलाशांचं रांधणारा. आता खाडीत छोटी होडी फिरवतो आणि पाहुण्यांच्या डब्यांत डोकावतो.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र एक जुनी शिडाची बोट वापरतो. मांडव्याहून निघायचं, रेवदंड्याच्या खाडीत रात्री थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी परतायचं, असा बेत असतो. बर्फाची पेटी चांगली महागातली आहे. तरी पहिल्या संध्याकाळीच बर्फाचं पाणी होतं. पेटी बदलावी का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : पेटी राहू द्या, भरायची रीत बदला. तुम्ही काय करता ते न बघताही सांगतो. पेटी वर्षभर माळ्यावर किंवा गाडीच्या डिकीत असते. निघायच्या सकाळी ती खाली येते, तापलेलीच. तिच्यात दुकानातून आणलेल्या कोमट बाटल्या जातात, वरून बर्फाच्या खड्यांच्या दोन पिशव्या ओतल्या जातात आणि धक्का सुटायच्या आत कुणीतरी झाकण उघडून सोडा काढतो.

थोडा हिशोब करू. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढ्यात एक किलो गार पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. बर्फाची ताकद तेवढी मोठी आहे. पण ३० अंशांवरच्या दहा लिटर पाण्याच्या बाटल्या पेटीत ठेवल्यात, तर त्यांना ५ अंशांवर आणण्यातच सुमारे तीन किलो बर्फ संपतो. अजून ऊन लागलेलं नाही, झाकण उघडलेलं नाही, तेवढ्यात तुमच्या दोन पिशव्यांतली दीड पिशवी गेली.

म्हणून पेटीत जे जाईल ते घरच्या फ्रिजमधून गार होऊनच जायला हवं. पेटीसुद्धा आदल्या रात्री गार करून घ्या. जुना बर्फ, गोठवलेली बाटली, काहीही आत ठेवून झाकण लावून टाका. सकाळी तो बर्फ फेकायचा आणि खरा बर्फ भरायचा.

खडे नकोत, लादी घ्या. तेवढ्याच वजनाच्या चुऱ्याला चारी बाजूंनी हवा लागते, म्हणून तो लवकर जातो. लादीचं बाहेरचं अंग कमी, त्यामुळे ती टिकते. चुरा हवा माशांना, कारण तो अंगाला बिलगतो आणि झटकन गार करतो. ते काम वेगळं, ते पुढे येईल. लादी मिळत नसेल तर दोन-दोन लिटरच्या बाटल्या गोठवा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नका. शिवाय घरच्या फ्रीझरमध्ये एवढी मोठी बाटली एका रात्रीत आतपर्यंत गोठत नाही, दोन दिवस आधीच ठेवा. फायदा असा, की बाटलीतला बर्फ वितळला की ते पिण्याचं पाणी होतं आणि पेटीत चिखलही होत नाही.

लादी बंदरावरच्या कारखान्यातून घेणार असाल तर ती पेटी गार करायला वापरा, पेल्यात घालायला नाही. तो बर्फ माशांसाठी असतो, त्याचं पाणी पिण्याचं असेलच असं नाही. २०१८ साली आपल्या राज्यात खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आला तो याचसाठी. बंदरावरचा बर्फ पांढरा दिसला म्हणून सरबतात टाकू नका. सरबताचा बर्फ घरी उकळून गार केलेल्या पाण्याचा, वेगळ्या पिशवीत न्यायचा.

पेट्या दोन ठेवा. एक पिण्याची, जी दिवसभर उघडझाप होणार. दुसरी जेवणाची, जी दिवसातून दोनदाच उघडेल. जेवणाची पेटी कोण उघडणार ते एकाच माणसाचं काम ठरवा. आमच्या बोटीवर तो मी होतो आणि तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, तोसुद्धा मला विचारूनच झाकणाला हात लावायचा.

पेटीत वितळलेलं पाणी सारखं ओतून टाकू नका. तेही बर्फाइतकंच थंड असतं, ते गेलं की त्या जागी गरम हवा शिरते. फक्त खाणं त्या पाण्यात बुडू देऊ नका, तळाला एक जाळी किंवा उपडी घातलेली ताटली ठेवा. वरची मोकळी जागा टॉवेल कोंबून भरा. पेटीवर ऊन येऊ देऊ नका, इंजिनाच्या झाकणावर तर मुळीच ठेवू नका. ओलं गोणपाट टाकायची पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर फार भिस्त नको. पाणी सुकताना थंडावा देतं आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते सुकतच नाही. पुण्यात माठ जेवढा गार होतो तेवढा हर्णैत होत नाही, त्यातलाच हा प्रकार. तरी ऊन अडवायला गोणपाट कामाचंच.

बर्फात मीठ टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. आइस्क्रीमचं भांडं फिरवायचं असेल तर टाका, मीठ-बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. पण त्यामुळे बर्फ लवकर संपतो आणि काकडी-टोमॅटो गोठून मऊ पडतात.

एक शेवटचं, जे बर्फाचं नाही. सकाळी मतलई असते, वारा जमिनीकडून, पाणी शांत. दुपारी खारा वारा सुटला की बोट कलते आणि मग पेटी उघडून ताटं लावायची म्हणजे अर्धं समुद्राला. जेवण अकराच्या सुमारास उरकून घ्या. मुंबईच्या माणसाला ते लवकर वाटेल, पण पोटाला घड्याळ कळत नाही.

प्रश्न : दाभोळच्या खाडीत दिवसभरासाठी होडी ठरवली आहे. आठ जण, त्यात सासूबाई आणि दोन मुलं. सकाळी लवकर निघून संध्याकाळी परत. मी व्हेज पुलाव, दह्याची कोशिंबीर, सोलकढी आणि ओल्या नारळाच्या वड्या न्यायचं ठरवलं आहे. पुलाव हॉटकेसमध्ये गरम राहील ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेल्या चारही पदार्थांची मला आवड आहे आणि होडीत मी त्यातला एकही नेणार नाही.

आधी पुलाव. पहाटे पाचला शिजवलेला भात हॉटकेसमध्ये भरलात तर तो दुपारी एकला गरम नसतो, कोमट असतो. आणि कोमट हीच सगळ्यात वाईट जागा. शिजलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर हवं किंवा ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा फार तापलेली असेल तर एकच तास. भाताची गोष्ट अजून वाकडी आहे. तांदळात काही जंतूंची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उठतात आणि त्यांचं विष पुन्हा तापवलं तरी जात नाही. उलटी सुरू होते आणि होडीत सगळे म्हणतात, बोट लागली. बऱ्याचदा बोट नसते, भात असतो.

सोलकढी ओल्या नारळाच्या दुधाची, उन्हात दोन तासांत वास धरते. वड्यांचंही तेच, ओलं खोबरं. दही बर्फाच्या पेटीत टिकेल, पण कोशिंबीर पाणी सोडते.

मग न्यायचं काय? आपल्याकडे प्रवासाचं खाणं आधीपासूनच ठरलेलं आहे. पाण्याऐवजी दुधात भिजवलेल्या दशम्या. तिखटमिठाच्या पुऱ्या. भाकरी न्यायची असेल तर तांदळाची उकड काढून करा, ती दुपारपर्यंत मऊ राहते. बाजरीची त्याच वेळी खायची, ती वाळून कडक होते. त्यासोबत शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, मेतकूट, लिंबाचं लोणचं. मांसाहार चालत असेल तर भाजलेल्या सुकटीची कोरडी चटणी, तिच्यात ओलं खोबरं न घालता सुकं खोबरं घाला. सुकटीचा वास होडीत पसरेल, सासूबाईंना आधी विचारा. गोडाला बेसनाचे लाडू किंवा गुळाची पोळी. फळांत केळी, पेरू, संत्री, जी सोलून खाता येतात आणि कापायला सुरी लागत नाही. हलत्या होडीत सुरी शक्यतो उघडूच नये.

उकडलेली अंडी नेणार असाल तर ती बर्फाच्या पेटीतच. उकडलं म्हणजे टिकलं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण कच्चं अंडं सावलीत काही दिवस राहतं, उकडलेलं उन्हात एक दिवसही नाही.

सोलकढीचा मोह सुटत नसेल तर कोकमाचं आगळ बाटलीत न्या आणि नारळाच्या दुधाचा बंद खोका गार करून पेटीत. जेवायला बसताना मिसळा, ठेचलेली मिरची-लसूण वेगळी, संपेल तेवढीच करा. नाहीतर नुसतं कोकम सरबत, मीठ-साखर घालून. उन्हात घाम जातो, ते सरबत त्या वेळी सोलकढीपेक्षा कामाचं.

पाणी माणशी तीन लिटर धरा, त्यात सरबत आलं. होडीच्या दोन्ही बाजूंना पाणी दिसतं, त्यातला एक थेंबही प्यायचा नसतो. मोठ्या कॅनपेक्षा छोट्या बाटल्या बऱ्या, कॅन कलंडला तर सगळंच गेलं.

आणि पुलाव खायचाच असेल तर घरी परतल्यावर संध्याकाळी. गरम, ताजा, तूप सोडून.

प्रश्न : आमचा पक्षी बघणाऱ्यांचा गट थंडीत भिगवणला जातो. पहाटेच कुंभारगावला होडीत बसतो आणि रोहित पक्षी बघत दोन-तीन तास पाण्यावर असतो. थंडी कडाक्याची असते. होडीत छोटा गॅस ठेवून चहा करता येईल का? थर्मासमधला चहा कुणालाच आवडत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : उजनी धरणाच्या पाण्यातल्या त्या लहान, बसक्या होड्यांत गॅस पेटवायचा नाही. आठ माणसं, दुर्बिणी, तीन पायांचे स्टँड, आणि एक जण उठून उभा राहिला की होडी झुकते. त्यात उकळतं पाणी. नावाडीदादा तुम्हाला नाही म्हणतील, आणि ते नाही म्हणाले नाहीत तर तुम्ही म्हणा.

थर्मासचा चहा आवडत नाही तो थर्मासमुळे नाही, दुधामुळे. दूध घालून उकळलेला चहा चार तास बंद राहिला की त्याला एक शिळा, शिजट वास येतो. वर तो ६० अंशांच्या खाली उतरला तर दूध नासायलाही लागतं. म्हणून थर्मासमध्ये दूध घालूच नका. आलं आणि गवती चहा टाकून कडक कोरा चहा उकळा, गाळा, भरा. दूध म्हणून दुधाची पावडर, किंवा न उघडता फ्रिजबाहेर टिकणारे छोटे दुधाचे खोके. साखर वेगळ्या डबीत. ज्याला जसा हवा तसा प्रत्येकानं करून घ्यावा. त्यातही एखादा मित्र ‘साखर नको’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या कपात चमचा घालतो, ते चालायचंच.

थर्मास भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून चहा भरा. हे केलं नाही तर चहाची थोडी उष्णता आतली थंड भिंतच पिऊन टाकते. काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. आतून काचेचा नको, स्टीलचा घ्या. काचेचा थर्मास होडीच्या फळीवर एकदा आपटला की आतली काच तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यातून चहा ओतला तर काचेचे कण कपात. मोठा एक नको, लिटरचे दोन घ्या. एक उघडला तरी दुसरा तापलेला राहतो. कटिंगच्या मापानं एका लिटरमध्ये दहा जण होतात.

कप जड बुडाचे, स्टीलचे. कागदी पेले वाऱ्यानं उडून पाण्यात जातात आणि रोहित उडतात ते तुमच्या पेल्याला घाबरून.

अजून एक गोष्ट कुणी लिहीत नाही. होडीत सोय नसते. चहा जास्त झाला की दोन तासांनी सगळ्यांनाच काठ आठवतो. निघताना अर्धा कप आणि परतीच्या वाटेवर बाकीचा, हे माझं माप.

प्रश्न : गुहागर तालुक्यात आमचं छोटं निवासस्थान आहे. पाहुण्यांसाठी फायबरची बोट घेतली, तिला बाहेरून लावायचं पेट्रोलचं इंजिन आहे. संध्याकाळच्या फेरीत गरम भजी आणि चहा द्यावा असं मनात आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर बोटीत ठेवला तर चालेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. तुम्ही आमच्याच भागातले आहात म्हणून जरा कडक बोलतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी-दार उघडलं की पायाशी वाहत बाहेर जातो. बोटीला दार नसतं. तो तळात जाऊन बसतो, तळातल्या पाण्यावर पसरतो आणि तुम्हाला वर काहीच कळत नाही, वास पायाखाली राहतो. पेट्रोलची वाफही तशीच जड. ती टाकीजवळून खाली उतरते. मग कुणी इंजिनाचा धागा ओढतो किंवा काडी पेटवतो. फायबरच्या बोटीची चादर रेझिनची असते, ती पेटली की विझता विझत नाही आणि धूर काळा, गुदमरवणारा. लाकडाच्या बोटीवर निदान जळण्याचा वेग कमी असतो.

भजी तर आणखी वाईट. कढईतलं तेल आणि खाडीत समोरून गेलेल्या एका लाँचची लाट, एवढं पुरतं. पेटलेल्या तेलावर कुणी घाबरून पाणी टाकलं की ते फुटून उडतं. मोठ्या मासेमारी बोटींवर आम्ही रांधायचो, पण तिथं स्वयंपाकाची जागा ठरलेली, बांधलेली, वाऱ्याच्या आडोशाला, आणि उधाणाच्या दिवशी आग पेटायचीच नाही. खलाशी चिरमुरे आणि गूळ खायचे, कुरकुरायचे, पण जिवंत परतायचे. जुन्या गलबतांवर मातीनं लिंपलेल्या खोक्यात चूल असायची, ती सुद्धा याच भीतीपोटी.

तुमचं निवासस्थान काठावर आहे ना? मग तुमचं भाग्य. भजी किनाऱ्यावर तळा, गरम असतानाच मोठ्या डब्यात कागद घालून भरा, झाकण जरा किलकिलं ठेवा म्हणजे वाफेनं मऊ पडणार नाहीत, आणि फेरीच्या पहिल्या अर्ध्या तासात वाढा. दूरवर नेऊन वाढायची असतील तर भज्यांऐवजी शंकरपाळे, कडबोळी, चिवडा. चहाचं वरच्या उत्तरात सांगितलंय. तुम्हाला पाहुण्यांना चुलीचा आनंदच द्यायचा असेल तर बोट एखाद्या वाळूच्या पुळणीला लावा आणि तिथं उतरून करा. फक्त कासवांच्या पुळणींवर नको. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी थंडीत मादी अंडी घालायला येते. रात्रीचा उजेड तिला परतवतो आणि टाकलेल्या उष्ट्यानं कुत्रे आणि कोल्हे येतात, मग ते अंडी उकरतात.

आणि रात्री मुक्कामी बोटीवर ताडपत्री बांधून सगळीकडून बंद केलीत, तर आत शेगडी किंवा स्टोव्ह मुळीच पेटवू नका. बंद जागेत जळणाऱ्या कोळशातून वा स्टोव्हमधून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. माणूस झोपतो आणि उठत नाही.

प्रश्न : मालवणला गळानं बांगडे आणि लहान सुरमई मिळाली. दिवसभर बादलीत पाण्यात ठेवून संध्याकाळी तळली. दोघांचे चेहरे लाल झाले, डोकं ठणकलं, अंगाला खाज आली. मासे तर ताजे होते आणि नीट तळलेही होते. मग काय झालं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताजे तुम्ही पकडले तेव्हा होते. बादलीतल्या पाण्याचं तापमान हवेएवढंच, आणि त्यात ते चार-सहा तास पडून होते. बांगडा, सुरमई, कुप्पा या माशांच्या मांसात एक द्रव्य असतं, मासा गरम राहिला की जंतू त्यातून हिस्टामाइन बनवतात. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल, डोकेदुखी, खाज, कधी पोट बिघडतं. ॲलर्जीसारखंच दिसतं. आणि सगळ्यात फसवी गोष्ट ही, की एकदा हिस्टामाइन तयार झालं की तळा, उकडा, भाजा, ते जात नाही. मासा दिसायला ठीक, वास ठीक, तरी होतं. श्वास अडखळला किंवा ओठ सुजले तर डॉक्टरकडे धावायचं, घरी वाट बघत बसायचं नाही.

उपाय साधा आहे. मासा गळाला लागला की लगेच मारा, पोट साफ करा, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि बर्फाच्या चुऱ्यात पुरा. उष्ण हवेत एका किलो माशाला एक किलो बर्फ, ही बंदरावरची मापं तुम्हालाही लागू. खाली बर्फ, मग मासे, वर बर्फ. या पेटीतलं रक्ताळलेलं पाणी मात्र निथळू द्या. म्हणजे पिण्याच्या पेटीला सांगितलं त्याच्या उलट. या दोन पेट्या एकमेकींत मिसळू नका, आणि माशाचा बर्फ सरबतात तर नाहीच नाही.

कालवं किंवा तिसऱ्या गोळा केल्यात तर त्यांना गोड्या पाण्यात बुडवू नका, मरतात. ओल्या गोणपाटात गुंडाळून गार ठेवा आणि शिजवताना ज्यांनी तोंड उघडलं नाही ते फेकून द्या.

प्रश्न : मुलीला प्रत्येक वेळी बोट लागते. काय खायला द्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : निघण्याआधी तासभर कोरडं, थोडं. भाजलेले पोहे, खाकरा, एखादी दशमी. पोट रिकामं नको आणि भरलेलंही नको. दूध, तळलेलं आणि डिझेलचा वास नको, म्हणजे इंजिनापासून लांब, मध्यावर बसवा आणि लांबचा किनारा बघायला सांगा, मोबाइल नाही. आल्याची वडी चघळायला द्या. डॉक्टरांना विचारून गोळी द्यायची असेल तर ती निघण्याआधीच घ्यायची असते. उलटी सुरू झाल्यावर दिली तर पोटात राहत नाही.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. सुट्टीत कालव्यावर भाड्याची अरुंद बोट घेऊन आठवडाभर फिरायचं आहे. बोटीत छोटा फ्रिज आणि गॅसची शेगडी आहे. तुमच्या सगळ्या सूचना आम्हालाही लागू का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : तुमचं अगदी वेगळं आहे, ताई. ती बोट नाही, साधारण दोन मीटर रुंदीचं लांबट घर आहे, आणि कालव्यावर वेग ताशी चार मैलांपेक्षा जास्त चालत नाही. माझी भाची तिथं तशा बोटीवर गेली होती, तिनं मला फोनवर प्रत्येक कप्पा दाखवला. तिथं गॅसचा सिलिंडर टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर पाण्यावर उघडणारं भोक असतं, म्हणजे गळालेला जड गॅस बाहेरच वाहून जातो. आमच्या लोकांनी हे बघायला हवं. ते भोक कधी बुजवू नका. भिंतीतले हवेचे झरोके गार वारा येतो म्हणून कापड कोंबून बंद करू नका. विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र चालू आहे ना, ते पहिल्याच दिवशी तपासा.

फ्रिज बहुधा बोटीच्या बॅटरीवर चालतो, आणि बॅटरी भरते इंजिन चालू असताना. रात्रभर बोट थांबली की फ्रिज बॅटरी खात राहतो. म्हणून गरम भांडं आत ठेवू नका, दार कमी उघडा, आणि एक गोठवलेली बाटली आत ठेवली तर रात्र निघते.

पाण्याची पातळी बदलणाऱ्या फाटकांमधून जाताना शेगडी बंद. बोट भिंतीला धडकते आणि त्या वेळी शेगडीवर डाळ असेल तर ती भिंतीवर जाते. मुक्कामाला बोट बांधली की कुकर लावा. मुगाची खिचडी एका भांड्यात होते, भांडी कमी, पाणी कमी, आणि बोटीवरची पाण्याची टाकी मर्यादित असते. फोडणीचा धूर एवढ्या जागेत डोळ्यांत जातो, तेव्हा मोहरी-हिंग-हळदीची फोडणी घरीच करून बाटलीत न्या. त्यात लसूण घालू नका, तेलातला लसूण फ्रिजबाहेर धोक्याचा. कढीपत्ता कोरडा भाजून न्या, तिकडे ताजा मिळेलच असं नाही, आणि भारतीय दुकान कालव्याच्या काठावर नसतं.

उष्टं पाण्यात टाकायचं नाही, हे तिकडे तुम्हाला सांगायला नको. इकडच्या वाचकांना मात्र सांगतो. चिपळूणच्या बाजूला वाशिष्ठीत मगरी आहेत आणि लोक त्या बघायला होडीतून जातात. होडीच्या कडेला बसून ताट विसळणं, मासा साफ करणं, हाडकं टाकणं तिथं करू नका. झाकणाचा एक रिकामा डबा कचऱ्याला न्या आणि धक्क्यावर आल्यावर रिकामा करा.